तिनावर सुटणारा चौक

मी चौकातल्या खांबावर बसवलेला एक जुना टायमर आहे. सिग्नल बदलायला किती वेळ उरला, हे मी उलटे आकडे मोजून दाखवतो. मित्रांनो, तुम्ही मला नक्की पाहिले असेल. मीही तुम्हाला पाहिले आहे. मी सगळ्यांना पाहतो आणि कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. दिवसभर माणसे तुमच्याकडे टक लावून बसली आणि त्यातल्या एकालाही तुमच्याशी काही देणेघेणे नसले, तर तुमचाही स्वभाव असाच झाला असता.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे एक बाई डोळ्याला भिंग लावून माझे बारीक दिवे पाटीवर बसवत असे. त्या दिव्यांच्या सात पट्ट्या मिळून माझा एक आकडा होतो. सगळ्या पेटल्या तर आठ, काही विझवल्या तर तीन, काही विझवल्या तर सात. बाईचा हात फार हलका होता. तिच्या हाताखालून निघालो तेव्हा मी अगदी खुशीत होतो. पण पुढच्या टेबलावर एक तपासनीस बसला होता. त्याने मला शेवटच्या आकड्यापर्यंत मोजायला लावले. मी बिनचूक मोजले. तो म्हणाला, "परत." मी परत मोजले. तो म्हणाला, "अजून एकदा." तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याच्याकडे असे संशयाने पाहतात, हे मी त्या टेबलावर शिकलो आणि पुढे तीच नजर मलाही जडली.

मला या चौकात आणले तो दिवस थाटाचा होता. वायरमनने शिडी लावली, माझ्या तारा खांबाखालच्या लोखंडी पेटीत नेऊन जोडल्या आणि कळ दाबली. मी पेटलो. खाली उभ्या असलेल्या लोकांनी माना वर केल्या. "बघा, आता कळेल तरी किती वेळ थांबायचं ते!" असे एक जण म्हणाला. वाहतूक पोलिसाने शिट्टी तोंडातून काढून मला नीट निरखले. त्या दिवसापासून माझे कौतुक सुरू झाले. माझ्यामुळे लोक गाड्या बंद करू लागले, धूर कमी झाला, उगाच भोंगे वाजवणे कमी झाले. माझ्या वरच्या लाल दिव्याकडे मात्र कुणी पाहीना. तो या चौकातला जुना मानकरी. तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मला वाटले, जळतोय माझ्यावर.

पण मित्रांनो, मी वरून पाहत होतो, आणि हळूहळू मला त्या कौतुकाचाच संशय येऊ लागला.

माझा आकडा मोठा असला की सगळ्यांच्या माना खाली जात. कुणी फोन काढी, कुणी केस नीट करी, कुणी मागे वळून मुलांना रागवे. बराच वेळ आहे, हे मीच सांगितलेले असे ना! आणि आकडा लहान झाला की सगळ्या माना एकदम वर येत, त्या थेट माझ्याकडे. खालून वर येताना त्या नजरा मधल्या रस्त्यावर कुठेच थांबत नसत. माझ्यासमोर, गाड्यांच्या पुढे, पांढरे पट्टे आहेत. त्या पट्ट्यांवरून माणसे रस्ता ओलांडत असतात. त्यांच्याकडे कुणाची नजर जात नसे. हिरव्यालाही तोच प्रकार. हिरवा संपत आला की माझे शेवटचे आकडे पाहून लांबच्या गाड्या जास्तच पळत सुटत.

बघता बघता या चौकाची एक रीत पडली. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळत. मी तीन दाखवला की गाडी सोडायची. दोन आणि एक हे आकडे जणू माझ्यात नव्हतेच. नवा माणूस तिनावर हलला नाही तर मागचे भोंगा वाजवून त्याला हलवत. "अहो, तीन झाले, निघा की!" असे ओरडत. लाल दिवा वर लालच असे. एकदा मी त्याच्याकडे चोरून पाहिले. तो शांतपणे पेटलेला होता. त्याला या सगळ्याची सवय झाली असावी.

आता मी तुम्हाला ज्यांच्याविषयी सांगणार आहे, ते ड्रायव्हरकाका याच रीतीतले.

ड्रायव्हरकाका मोठी बस चालवत. चौक ओलांडला की माझ्याच खांबाखाली त्यांचा थांबा होता. दुपारी बस तिथे अर्धा तास उभी राही आणि काका बाकावर बसून जेवत. पट्ट्यांपलीकडच्या गल्लीत काकूंचे शिवणाचे दुकान होते. उसवलेले शिवायचे, मोठे लहान करायचे, लहान मोठे करायचे, असे त्यांचे काम. बस यायच्या वेळेला काकू डबा घेऊन रस्ता ओलांडून येत. घाईत गळ्यातली मोजपट्टी तशीच असे, आणि कधी कधी बाहीला सुई टोचलेली असे.

"सुई काढ, कुणाला तरी टोचेल," काका म्हणत.

"टोचली तर बरंच होईल. कुणीतरी जागं होईल," काकू म्हणत.

काकांचा एक अभिमान होता. एवढी वर्षे बस चालवली, पण कुणाला ओरखडासुद्धा नाही. ते हे वाहतूक पोलिसाला सांगत, वायरमनला सांगत, बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत. निवृत्ती जवळ आली होती. त्यांच्या या लौकिकामुळे एका शाळेने त्यांना आधीच बोलावून ठेवले होते. निवृत्तीनंतर त्यांनी शाळेची गाडी चालवायची. छोटी छोटी मुले आणायची आणि सोडायची. काका या बोलावण्याने इतके फुगले होते की त्यांनी काकूंना न विचारताच हो म्हणून टाकले. यावरून त्या दोघांचे बिनसले होते. काकूंना वाटत होते की आता पुरे, आता घरी बसावे, थोडे फिरावे.

मी वरून हे सगळे ऐकत होतो. काका माझ्यावर फार विसंबून असत. "आकडा म्हणजे आकडा. तो काय खोटं बोलतो?" असे ते म्हणत. इतका विश्वास पाहून मला बरे वाटायला हवे होते. मला मात्र धाकधूक वाटे.

मग एक दिवस त्यांची मुलगी आली.

ताई मोठ्या शिक्षणाची होती. तिने खांबाखाली उभे राहून माझ्याकडे पाहिले, मग वळून गाड्यांकडे पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की ती मला पाहतच नव्हती. मला पाहणाऱ्यांना ती पाहत होती! या चौकात एवढे दुकानदार, एवढे खांब, एवढ्या पाट्या, आणि पाळत ठेवायची ती माझ्यावर?

तिच्याकडे एक विचित्र चष्मा होता. त्याला बारीक कॅमेरे होते. तो घातला की माणसाच्या समोरचे सगळे चित्र टिपले जाई, आणि त्या चित्रात त्याची नजर जिथे असेल तिथे एक लाल ठिपका उमटे. नजर हलली की ठिपका हले. ताई ओळखीच्या ड्रायव्हरांना तो चष्मा घालायला देत होती. टायमर लावल्यावर माणसे रस्त्यात नेमके काय पाहतात आणि काय पाहत नाहीत, हे तिला तिच्या संशोधनासाठी शोधून काढायचे होते.

"बाबा, तुम्हीपण घाला ना आठवडाभर," ती म्हणाली.

"मला चष्मा? माझी नजर अजून सुईत दोरा ओवते. विचार तुझ्या आईला."

"नजर चांगली आहे हो. ती जाते कुठे ते बघायचंय."

"रस्त्यावर जाते, दुसरीकडे कुठे जाणार?" काका हसले आणि त्यांनी चष्मा घातला. "बघ, दाखव तुझ्या साहेबांना. म्हणावं, गाडी अशी चालवतात."

मला ताईचा डाव कळला होता. ही माझ्यावर काहीतरी शाबीत करणार आणि मला खाली उतरवणार. मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवली. मी आकडा चुकवत नव्हतो, अडखळत नव्हतो. मला वाटत होते की कुणाला बोट ठेवायला जागाच द्यायची नाही.

आणि नेमके तेव्हाच माझे एक अंग गेले. माझ्या उजव्या आकड्याची डावीकडची वरची पट्टी जळाली. पाऊस, ऊन, धूळ, वर्षानुवर्षे कुणी पुसायला नाही, कुणी पाहायला नाही. जळणार नाही तर काय होणार? आता गंमत पाहा. नऊच्या आकड्यातून ती पट्टी काढली की उरतो तीन. म्हणजे मी नऊ मोजत होतो, आणि खालून तो दिसत होता तीन.

वाहतूक पोलिसाच्या ते लक्षात आले होते. त्याने वायरमनला फोन केला. वायरमन म्हणाला, "उद्या बघतो." वायरमनच्या उद्याचा मला पूर्ण अनुभव होता. काही उद्या गेले, तो आला नाही. चौकातली माणसे मात्र हुशार. "वरचा नऊ गंडलाय, सांभाळून," असे एकमेकांना सांगत ती पुढे जात. पण सगळ्यांना सगळे कुठे कळते?

त्या दिवशी सकाळीच काका आणि काकूंचे शाळेच्या गाडीवरून वाजले होते. दुपारी काकांची बस लालला सर्वांत पुढे येऊन उभी राहिली. डोळ्यांवर ताईचा चष्मा होता. माझा आकडा मोठा होता. काकांनी माझ्याकडे पाहिले, मग समोरच्या घड्याळाकडे, मग गुडघ्यावरच्या रुमालाकडे. पट्ट्यांवर काकू उतरल्या. भांडण झाले तरी डबा चुकत नव्हता. त्या बसच्या अगदी पुढ्यात होत्या, आणि मी अकरावरून दहावर आलो, दहावरून नवावर.

काकांनी मान वर केली. त्यांना तीन दिसला.

बस हलली. शेजारची मोटारसायकल हलली. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मला फक्त मोजता येते. काकूंनी बसच्या काचेकडे पाहिले, क्षणभर जागच्या जागी थिजल्या, आणि मग मागे उडी मारून फुटपाथच्या कडेवर आदळल्या. डब्याचे झाकण उडाले, जेवण रस्त्यावर सांडले. पोलिसाने शिट्टी वाजवली, पण बस तोवर चौक ओलांडून आपल्या थांब्यावर लागली होती. भोंग्यांच्या गोंगाटात काकांना काहीच कळले नाही. त्यांनी बाकावर बसून काकूंची वाट पाहिली, घड्याळ पाहिले, आणि शेवटी तसेच उपाशी निघून गेले. पलीकडे काकूंनी खरचटलेला हात झटकला, रिकामा डबा बंद केला आणि गल्लीत परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

"तुझ्या आईनं अबोला धरलाय," काका ताईला बाकावर सांगत होते. "डबा बंद. बोलणं बंद. विचारलं तर खोलीतून उठून जाते. एका नोकरीवरून इतकं?"

"बाबा, फक्त नोकरीवरूनच?"

"दुसरं काय असणार? मला तर वाटतं, शाळेत जाऊन तिनंच काहीतरी सांगितलंय. तिकडून फोन यायचा होता, तो आला नाही."

मला वाटले, झाले, आता हे दोघे एकमेकांवर संशय घेणार. आणि संशय काय चीज आहे, ते मला विचारा. तो एकदा घरात शिरला की पाणी पिण्याच्या आवाजातही टोमणा ऐकू येतो.

त्या संध्याकाळी काकू खांबाखाली आल्या, पण काकांची बस नसताना. ताई तिथे तिचे सामान आवरत होती.

"तुला एक सांगते. कुणाला बोलू नकोस," काकू म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी माझ्या अंगावर गाडी घातली."

ताईच्या हातातून वायर खाली पडली. "काहीतरीच काय बोलतेस आई!"

"मी अशी समोर होते. इथून तो पलीकडचा खांब आहे ना, तेवढी पण लांब नाही. ते काचेतून सरळ पुढे बघत होते. डोळे उघडे होते. मला बघितलं आणि तरी गाडी सोडली." त्यांनी बाही वर करून कोपर दाखवले. "सकाळी मी बोलले होते त्यांना. खूप बोलले होते. पण म्हणून काय असं करायचं?"

"बाबा असं करतील असं तुला वाटतं?"

"नाही वाटत. तेच तर." काकूंनी बाही खाली ओढली. "नाही वाटत, आणि मी डोळ्यांनी पाहिलंय. आता मी त्या माणसाच्या शेजारी बसून जेवू कशी?"

काकू गेल्या. ताई बराच वेळ बाकावर बसून राहिली. मग तिने लॅपटॉप उघडून त्या दुपारचे चित्रण शोधले. ते तिने अजून पाहिले नव्हते. मी तिच्या डोक्यावरून वाकून पाहत होतो, म्हणजे वाकता येत असते तर वाकलो असतो. पडद्यावर मीच होतो. बसच्या काचेतून दिसणारा मी, धुळकट आणि एका बाजूने विझलेला. लाल ठिपका माझ्यावर होता. मग तो घड्याळावर गेला, रुमालावर गेला, आणि उडी मारून पुन्हा माझ्यावर आला. खालच्या कोपऱ्यातून एक बाई डबा घेऊन आली, चित्राच्या मधोमध आली. ठिपका जागचा हलला नाही.

ताईने ते पुन्हा पाहिले. मग लॅपटॉप मिटला.

मला तिच्या मनातले कळत होते. हे दाखवले तर आईचा संशय जाईल, बाबांनी मुद्दाम काही केले नाही हे कळेल. पण मग बाबांनी काय केले, हेही कळेल. एवढ्या वर्षांचा अभिमान, शाळेची गाडी, सगळे त्या एका ठिपक्यापाशी येऊन उभे राहील. मला वाटले, ही लपवणार. सख्खा बाप आहे, कोण दाखवेल? शिवाय मला दोष देऊन मोकळे होणे किती सोपे होते. नवाचा तीन झाला, टायमर बिघडला, प्रकरण मिटले. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहत राहिलो.

तिने लपवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दोघांनाही बाकावर बोलावले. काकू आल्या, पण बसल्या नाहीत. काका बाकाच्या एका टोकाला आणि काकू खांबाला टेकून, दुसरीकडे तोंड करून उभ्या.

"बाबा, तीन-चार दिवसांपूर्वी इथून जाताना पट्ट्यांवर कोण होतं, आठवतं?"

"असतील कुणीतरी. रोज असतात. मी बघूनच गाडी सोडतो."

"सगळ्यांना बघता?"

"म्हणजे काय! आंधळा आहे का मी?"

ताईने चित्रण लावले. काका पाहत राहिले. काकूही मान वळवून पाहू लागल्या. पडद्यावर डबा घेतलेली बाई आली, आणि काकांचा हात आपोआप पुढे झाला, पडद्यावरच्या बसला थांबवायला.

"ही... ही तू आहेस?"

काकूंनी खरचटलेले कोपर पुढे केले.

"अगं, तीन होते!" काका उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केले. "बघ ना, तीनच दिसतायत! चूक त्या टायमरची आहे!"

झाले, आलेच माझ्यावर, मी मनात म्हणालो.

"बाबा, ते नऊ होते. पट्टी जळलीय," ताई हळूच म्हणाली. "पण तीन असते, तरी दिवा लालच होता ना?"

काका माझ्याकडे पाहत राहिले. मग माझ्या वरच्या लाल दिव्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिले ते पहिल्यांदाच, असे मला वाटले. ते सावकाश खाली बसले.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम नाही केलंत," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुम्ही मला बघितलंच नव्हतं."

"मुद्दाम? तुला असं वाटलं? इतके दिवस तू हे मनात घेऊन..." काकांनी पुन्हा पडद्याकडे पाहिले. मग ते म्हणाले, "मुद्दाम केलं असतं, तर निदान तुला बघितलं तरी असतं."

मी दोनदा लालचे आकडे मोजून संपवले.

"बाकीचे दिवस लाव," काका ताईला म्हणाले.

"राहू द्या बाबा."

"लाव."

तिने लावले. त्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत गेले, दोन मुली हसत गेल्या, एक माणूस बाळ छातीशी धरून गेला. ठिपका माझ्यावरच होता. काका त्या प्रत्येकाकडे आता पाहत होते, एकेकाच्या तोंडाकडे, जणू त्यांना ओळखून ठेवायचे होते. अर्धा तास संपला तरी ते उठले नाहीत. बसमधले प्रवासी खिडकीतून डोकावू लागले. शेवटी काकूंनीच त्यांच्या खांद्याला हात लावला.

त्यानंतर माझी पाळी आली. वायरमन शिडी घेऊन आला तेव्हा मी समजलो की आता सुट्टी. पण त्याने मला उतरवले नाही. त्याने नवी पट्टी बसवली, माझ्या तोंडावरची धूळ ओल्या फडक्याने पुसली, आणि खालच्या पेटीत काहीतरी बदलून ठेवले. तेव्हापासून मी मोठे आकडे दाखवतो, पण सिग्नल बदलायच्या जरा आधी मी विझून जातो. तो तीन आता कुणालाच दिसत नाही. ताईने तसे सुचवले होते म्हणे. आधी मला माझी जीभ कापल्यासारखे वाटले. पहिल्या दिवशी तर लोक मला शिव्या घालत होते. "बंद पडला वाटतं!" असे म्हणत सगळे इकडेतिकडे पाहू लागले, आणि इकडेतिकडे पाहताना त्यांना रस्ता दिसला. अजूनही काही पक्के आहेत. ते आता बाजूच्या रस्त्यावरच्या टायमरचे, म्हणजे माझ्या भावाचे, आकडे चोरून पाहतात आणि त्यावरून हिशोब करतात. मी सगळ्यांना ओळखून आहे.

ड्रायव्हरकाकांनी शाळेत जाऊन सगळे सांगितले. आधी मला नव्याने शिकू द्या, मग ठरवा, असे ते म्हणाले. शाळेने अजून काही ठरवलेले नाही. बस चालवताना त्यांनी एक नवी सवय लावून घेतली आहे. लालला उभे असताना समोर जो दिसेल त्याचे ते मोठ्याने नाव घेतात. नाव माहीत नसते, म्हणून दिसेल ते म्हणतात. "काठीवाले आजोबा. सायकल. लाल दप्तर. बाळ, झोपलेलं." प्रवाशांना वाटते की ड्रायव्हर भ्रमिष्ट झाला. एकाने तर डेपोत तक्रारही केली. काका ऐकत नाहीत.

काल दुपारी बस पुढे उभी होती. मी मोजत मोजत विझलो. दिवा हिरवा झाला, आणि काकू अजून पट्ट्यांच्या मधोमध होत्या. मागून भोंगे सुरू झाले. काकू बसच्या अगदी समोर थांबल्या आणि त्यांनी मान वर करून काचेतून काकांच्या डोळ्यांत पाहिले. त्या रोज तशा थांबतात. त्यांचा विश्वास अजून पूर्ण बसलेला नाही, आणि मला विचाराल तर बरोबर आहे. काकांच्या ओठांची हालचाल मला दिसली. "आणि ही माझी," असे ते म्हणत होते. काकूंना ते ऐकू गेले नसणार, पण डोळे दिसले. तेव्हाच त्या पुढे निघाल्या.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. मला पुसा, माझी पट्टी जळली तर वेळेवर बदला, पण माझ्यावर विसंबू नका. मी फक्त वेळ सांगतो, रस्त्यात कोण आहे ते मला सांगता येत नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाडी चालवाल, लालला येऊन उभे राहाल. तेव्हा वर माझ्याकडे पाहू नका. समोरून जो जात असेल, त्याच्या तोंडाकडे पाहा. आणि आज पायी रस्ता ओलांडत असाल, तर काकूंसारखे जरा थांबा, काचेआडचे डोळे शोधा, आणि त्या डोळ्यांनी तुम्हाला पाहिले आहे अशी खात्री झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका.